वेंकेने उसवलेली ओळ

आमच्या राउदाल खोऱ्यात नवा माणूस दिसला की त्याचं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, कुठला. त्याने गाव सांगितलं की पुढचा प्रश्न, डोंगराच्या अलीकडचा की पलीकडचा. पलीकडचा निघाला तरी कॉफी मिळते, आम्ही काही रानटी नाही. फक्त दुसरा कप कोणी विचारत नाही.

माझी शेजारीण वेंके. तिला पहिला कप मिळाला १९७८ साली. दुसऱ्याची ती अजून वाट बघते आहे.

ती वेस्टफोल्ड जिल्ह्यातली, समुद्रकाठच्या सांदेफ्योर्दची. गाडीने जेमतेम अडीच तासांचा रस्ता, पण आमच्या हिशेबात चंद्रच. आम्ही तेलेमार्कवाले. आमच्याकडे डोंगर, फिडल, फुलं रंगवलेल्या लाकडी पेट्या, आणि कोणाच्या आजोबांनी कोणाच्या कुंपणाचा खांब हलवला होता याची लख्ख आठवण. वेस्टफोल्डवाल्यांकडे सपाट जमीन, कोळंबी, आणि उन्हाळ्यात राजधानीतून येणारे पाहुणे. पाहुण्यांची सवय असल्याने ती माणसं हसून बोलतात. हसून बोलणाऱ्यावर आमचा लगेच विश्वास बसत नाही. आमच्याकडे 'वाईट नाही' असं कोणी म्हणालं की बाईने ते घरी जाऊन चार जणींना सांगावं, एवढी ती मोठी स्तुती.

वेंकेचे वडील देवमाशांच्या शिकारीच्या बोटीवर होते, वर्षातले आठ महिने दक्षिण ध्रुवाकडे. आई त्याच कंपनीत बोटींची निशाणं शिवायची. त्यामुळे पोरीच्या हातात सुई लहानपणापासून. आमचा आस्लाक तिकडे जहाजाच्या कारखान्यात दोन हिवाळे कामाला गेला आणि येताना हिला घेऊन आला. लग्नात तिने तिच्या जिल्ह्याचा बुनाद घातला. बुनाद म्हणजे आमचा सणाचा पोशाख. लोकरीचा, हाताने भरलेला, चांदीच्या पिनांनी जड झालेला. तो बघितला की बाई कुठल्या खोऱ्यातली हे पन्नास पावलांवरून कळतं, निदान कळावं. तिचा तो वेस्टफोल्डचा निळा पोशाख बघून आस्लाकच्या आत्याने विचारलं होतं, छान आहे, पडद्यांना कापड पुरलं का. मी तेव्हा शाळेत होतो. तो विनोद मी पुढचे दोन महिने सगळ्यांना सांगत फिरलो. नवरीने तो चारपाच ठिकाणांहून ऐकला असणार.

तर आता मुख्य गोष्ट.

ऐंशीच्या सुमाराला खोऱ्याखोऱ्यांत जुने बुनाद शोधून पुन्हा शिवायची लाट आली. आमच्या शेजारच्या होवदालवाल्यांनी पहिल्या झटक्यात चार जुने स्कर्ट शोधून काढले आणि म्युझियममधून त्यांच्यावर शिक्का मारून आणला. आमच्याकडे एकही सापडेना. होवदालवाले म्हणायला लागले, राउदालच्या बायकांनी आमचाच नमुना घ्यावा, आमची हरकत नाही. 'हरकत नाही' हे ऐकून आमच्या म्हाताऱ्यांना झोप येईना.

मग वेंकेच्या सासूबाईंनी, तोरब्योर्गनी, माळ्यावरच्या पेटीतून त्यांच्या आजीचा स्कर्ट काढला. वरचं भरतकाम शाबूत होतं, पण खालचा घेर सगळा कसरीने खाल्लेला. वीतभर कापड जाळीसारखं. सासूबाई म्हणाल्या, खोऱ्याने बुनादासाठी नेमलेल्या समितीला दाखवायच्या आधी जरा बघण्यासारखा कर. वेंकेने त्याच लोकरीचा तुकडा शोधून घेर जोडला. पण त्यावर पूर्वी काय होतं हे सासूबाईंनाही आठवत नव्हतं. कोरा घेर उघडा दिसतो म्हणून वेंकेने त्यावर आपल्या मनाने एक ओळ भरली. वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. तिचे वडील ध्रुवाकडून पत्र पाठवायचे तेव्हा कागदाच्या कडेला पेन्सिलने अशी लाट काढायचे. बस, एवढंच. पोर बिचारी माहेरच्या आठवणीत होती, हात चालत गेला.

समिती आली. समितीत तेव्हा पाच जणी होत्या, आणि कागदपत्रं सांभाळायला गुनवोर. गुनवोर शाळेत शिकवायची. अजूनही कोणी चुकीचं वाक्य बोललं की तिची भुवई वर जाते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी. पाच जणींनी स्कर्ट उन्हात धरला, आणि गुनवोरने घेरावर बोट ठेवून सांगितलं, ही बघा आपल्या डोंगरांची रांग. खोऱ्यात उभं राहून उत्तरेला बघितलं तर अश्शीच दिसते. बाकी भरतकाम सारखंच, पण होवदालच्या चारही स्कर्टांवर ही नाही. सगळ्या जणी घेरावर वाकल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात.

वेंकेने तोंड उघडलं, आणि सासूबाईंनी तिचा कोपर दाबला. पाहुण्या गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता गप्प बस. त्यांना आवडलंय."

तोरब्योर्गबाई वाईट नव्हत्या. ती ओळ नसती तर राउदालला होवदालचा नमुना घालावा लागला असता, आणि तो दिवस बघण्यापेक्षा त्यांनी सुनेची लाट डोंगर म्हणून चालवून घेतली.

आणि चालली कशी. 'डोंगरओळ' हे नावच पडलं. खोऱ्यात तेवढं बारीक काम येणारी एकटी वेंके, त्यामुळे प्रत्येक पोरीचा बुनाद तिच्याकडे. पंधराव्या वर्षी चर्चमध्ये दृढीकरण झालं की पोरीला बुनाद हवा, मग आईला स्वतःचा घट्ट झालाय हे आठवतं, मग मावशीला. माझ्या लीवचा तिने शिवला, माझ्या लेकीचा शिवला. एकेकाला वर्षभर लागायचं, दोनदोन एकदम चालू असायचे. चाळीस वर्षांत एकसष्ट. एकसष्ट बायका घेराला तिच्या बापाची लाट लावून मिरवत होत्या आणि होवदालवाल्यांना नाक वर करून दाखवत होत्या.

ती स्वतः मात्र घालू शकत नव्हती.

कारण १९८५ साली समितीने नियम लिहिला होता. राउदालचा बुनाद कोणी घालावा, तर जिचं घराणं खोऱ्यातलं तिने. आता खोऱ्यातल्या अर्ध्या सुना होवदालच्या. त्यांना वगळलं असतं तर सतरा मेच्या, म्हणजे आमच्या राष्ट्रीय सणाच्या, मिरवणुकीला बायकाच उरल्या नसत्या. म्हणून गुनवोरने टाइपरायटरवर एक ओळ वाढवली: लग्न करून आलेल्या बाईचा जन्म आपल्याच जिल्ह्यात झाला असेल, तर तिलाही चालेल. सीमा कुठेतरी आखायचीच होती, ती तिने जिल्ह्याच्या हद्दीवर आखली. त्या वेळी खोऱ्यात जिल्ह्याबाहेरून आलेली सून एकच होती. गुनवोर म्हणते, ते तिच्या लक्षातच आलं नाही. असेल.

वेंकेने कधी सवलत मागितली नाही. २०११ मध्ये आस्लाक गेला, तेव्हा आम्ही सगळे चर्चमध्ये बुनाद घालून गेलो, आमच्याकडे आपल्या माणसाला तसाच निरोप देतात. चर्चभर तिच्या हातचे टाके, आणि ती पहिल्या बाकावर काळ्या कोटात. तिचा मुलगा बापाचा पोशाख घालून शेजारी उभा. मुलगा राउदालचा धरतात. आई नाही.

मी जिल्ह्याच्या रस्त्यांवर बर्फ काढणारी गाडी चालवतो, त्यामुळे सरकारने जिल्हे जोडले-तोडले की पहिलं मला कळतं, कारण माझं जॅकेट बदलतं. नॉर्वेत कधी एकोणीस जिल्हे होते, मग अकरा झाले, आता पंधरा आहेत. उद्या विचाराल तर आधी मला जॅकेट बघावं लागेल. २०२० च्या एक जानेवारीला तेलेमार्क आणि वेस्टफोल्ड जोडून एकच जिल्हा केला. आम्ही चिडलो. तिकडचेही चिडले असणार, पण ते हसत चिडतात. मी नवं जॅकेट घालून बर्फ काढत वेंकेच्या दारापर्यंत आलो, तर ही पायरीवर उभी. हातात समितीचा जुना कागद, चष्म्याच्या खोक्यात जपून ठेवलेला, घडीवर फाटलेला. म्हणाली, वाच. मी वाचला. म्हणाली, आता माझा जन्म कुठल्या जिल्ह्यातला, सांग.

मी म्हटलं, बयो, तुझ्यासाठी सरकारने दोन जिल्हे एक केले, आता तरी बुनाद शिवून टाक. ती हसली. मोकळं, समुद्राकडच्या माणसांसारखं. पासष्ट वर्षांची बाई, आणि त्या दिवसापासून खिडकीत बसून स्वतःसाठी शिवायला लागली.

तिला घाई नव्हती, कारण त्या वर्षी करोनामुळे सतरा मेची मिरवणूक निघाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिच्या चार वर्षांतली दोन अशी गेली. तिसरं उजाडलं तेव्हा बुनाद तयार होता, पण फेब्रुवारीतच जिल्हा परिषदेने ठरवलं होतं की संसार जमत नाही, वेगळे होऊ या. वेगळं होणं लागू व्हायचं होतं २०२४ च्या एक जानेवारीला.

२०२२ चा सतरा मे. मुलांची मिरवणूक झाली, बँड झाला, भाषण झालं, आणि सगळे शाळेच्या हॉलमध्ये सायीच्या लापशीवर तुटून पडले. वेंके मिरवणुकीत माझ्या लीवच्या शेजारून चालत आली होती. तिचा बुनाद बघून बायका गप्प होत्या. गप्प अशासाठी की तो खोऱ्यातला सगळ्यात सुंदर होता. दुसऱ्यांसाठी एकसष्ट शिवताना हात जेवढा शिकला तेवढा सगळा तिने त्यात ओतला होता. मी पुटपुटलो, वाईट नाही. तिला ऐकू गेलं. तिचे कान लाल झाले.

गुनवोर दरवर्षी हॉलमध्ये एक फेरी मारते. कोणी बुनादावर काळा गॉगल घातला का, कोणाच्या कानात बाजारी डूल आहेत का, पिना जागच्या जागी आहेत का. पोरी तिला पोलीस म्हणतात. ती फिरत फिरत वेंकेपाशी थांबली, वाकली, घेर दोन बोटांत धरला. म्हणाली, काम चांगलं आहे, पण नियम तुला माहीत आहे.

वेंके म्हणाली, माहीत आहे, आणि नियमाप्रमाणे पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत मी जिल्ह्यातली आहे.

गुनवोर म्हणाली की नियम लिहिला तेव्हा जिल्हा म्हणजे तेलेमार्क होता. तिथपर्यंत ठीक होतं. दोघी हळू बोलत होत्या, लोक लापशी खात होते. पण गुनवोरला शिकवायची सवय. घेर धरून, मागच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "वेंके, ही डोंगरओळ आमच्या पणज्यांची आहे. राजधानीत कोणीतरी नकाशा हलवला म्हणून ती तुझी होत नाही."

चमचे थांबले.

"ही ओळ मी काढली आहे," वेंके म्हणाली. "घेर कसरीने खाल्ला होता. वरचं तुमच्या पणजीचं, हे माझं. आणि हा डोंगर नाही."

मग कोणीतरी हुं केलं, आणि एक कुजबुज उठली, हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. तोरब्योर्गबाई जाऊन वीस वर्षं झालेली, आस्लाक जाऊन अकरा. साक्षीला कोण? वेंकेने हॉलभर नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली.

"स्वाइनुंगला विचारा. आस्लाकने त्याला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. १९९४ मध्ये, एल्कच्या शिकारीला गेलो होतो तेव्हा, दिवसभर पाऊस, एल्क नाही, दोघं झाडाखाली. आस्लाक बोलत बोलत सगळं सांगून गेला आणि मग घाबरला, कारण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे अख्ख्या खोऱ्याला माहीत. पण ही राहिली. माझ्या आयुष्यात मी कोणाला न सांगितलेली ही एकच गोष्ट असेल. सांगितली असती तर सगळ्यात आधी माझ्याच घरातले बुनाद खोटे ठरले असते.

हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. लीवचंही. गुनवोरची भुवई वर. तोंडातला घास गिळून हो म्हणायचं होतं, बस. पण दीडशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत असली की मला दुसरंच काही सुचतं, लहानपणापासून सुचतं. मी म्हणालो, "बायांनो, मला काय विचारता? मी आयुष्यात बायकांच्या घेराकडे बघितलं ते डोंगर बघायला नाही."

असा हशा पिकला की काय सांगू. गुनवोरसुद्धा हसली. लीवने मला चापट मारली, लोक पुन्हा लापशीकडे वळले, आणि वेंकेचं म्हणणं त्या हशात वाहून गेलं. ती ताट उचलून स्वयंपाकघरात ठेवून आली आणि घरी गेली.

पुढे जे झालं ते इथल्या रीतीने झालं, म्हणजे कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे भांडण करत नाहीत, फक्त कुंपणाजवळ थांबत नाहीत. सासरच्या पणजीची ओळ ढापायला निघालेली बाई, असं तिचं नाव झालं. बाहेरचीने बुनाद घातला असता तर कदाचित दोन वर्षं दुर्लक्ष केलं असतं. पण आमच्या डोंगरांवर नाव सांगणं, तेही नवऱ्याच्या माघारी, हे कोणाच्या घशाखाली उतरेना. तिच्याकडे येणारं काम थांबलं. गुनवोरच्या नातीचा बुनाद वेंकेकडे अर्धा भरून झाला होता. तो तिने परत नेला आणि पुढचं काम एका कंपनीला दिलं. कंपनीने तो चीनमध्ये शिवून आणला. बसला म्हणे छान. म्हणजे चीनमधल्या कोणी बाईने राउदालची डोंगरओळ भरली तर ती अस्सल, आणि जिने काढली तिने भरली तर चोरी. हे मी लीवला म्हणालो, घरात, दार लावून. लीव म्हणाली, बाहेर म्हण की. मी टीव्ही लावला.

दुसऱ्या वर्षीच्या सतरा मेला, तिच्या हिशेबाने शेवटच्या, वेंकेने बुनाद कपाटातून काढलाच नाही. खिडकीतून मिरवणूक बघितली.

मग त्याच शरद ऋतूत म्युझियमच्या एका बाईने अमेरिकेहून आलेला एक फोटो समितीला पाठवला. राउदालहून तिकडे गेलेल्या कुटुंबाचा, काचेवर घेतलेला जुना फोटो. तीन बहिणी, तिघींच्या अंगावर आमचा बुनाद. वरचं भरतकाम हुबेहूब. घेरावर तीन सरळ रेघा. डोंगर नाही, लाट नाही, काही नाही. पट्टीने मारल्यासारख्या तीन रेघा.

समितीची बैठक झाली. मी दाराबाहेर बर्फ ढकलत होतो. एरवी दहा मिनिटांचं ते काम त्या दिवशी दीड तास पुरवलं, पण एक शब्द ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी सहकारी दुकानाच्या फळ्यावर कागद लागला: नव्या पुराव्यानुसार घेरावरील डोंगरओळ मूळ नमुन्यात नसल्याचे दिसून आले आहे, तरी सर्व भगिनींनी पुढील सतरा मेपूर्वी ती काढून त्या जागी तीन सरळ रेघा भरून घ्याव्यात. ती कुठून आली, कोणी काढली, याबद्दल अक्षर नव्हतं. जणू घेरावर आपोआप उगवली होती.

आता काढणार कोण? सरळ रेघा कोणीही भरेल, नुसतं उसवायचं तर तेही कोणीही करेल, पण त्या लोकरीतून तो बारीक टाका कापड न दुखवता काढायचा, तर तो ज्याने घातला त्यानेच. बायका दोन आठवडे एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. मग पहिली गेली, बगलेत पिशवी. मग दुसरी. नंतर तर आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळेना. वेंके कोणालाही परत पाठवत नव्हती. एकीने विचारलं म्हणे, तुला राग नाही ना. वेंके म्हणाली की टाके माझे आहेत, दुसऱ्या कोणी ओढले तर कापड फाटेल.

गुनवोर स्वतः आली नाही, तिचा बुनाद नवऱ्याबरोबर पाठवला. चीनवाला नातीनेच घरी उसवला. फाटला.

एकसष्टांतला शेवटचा लीवचा. लीव म्हणत होती, मी ठेवणार, मला आवडते ती ओळ. मग मिरवणुकीत एकटीच वेगळी दिसेन म्हणाली. आणि तिसऱ्या दिवशी पिशवी माझ्या हातात दिली. तू जा म्हणाली.

वेंकेने मला कॉफी दिली. मी खुर्चीत बसलो, ती खिडकीत, मांडीवर लीवचा स्कर्ट उलटा पसरून. बारीक कात्रीने एक टाका कापायचा, सुईच्या मागच्या टोकाने उचलायचा, ओढायचा. पुन्हा पुढचा. तीस वर्षं दोऱ्याखाली झाकलेली लोकर काळीभोर राहिली होती आणि भोवतालची उन्हाने विटलेली, त्यामुळे ओळ निघाली तरी तिची जागा दिसत होती. गुनवोरने यावर निरोप पाठवला होता की वरून एखादी विणलेली पट्टी लावता येईल का. वेंकेने उलट निरोप पाठवला की पट्टी लावणं नमुन्यात बसतं का ते आधी समितीला विचार.

मी म्हणालो, वेंके, त्या दिवशी मी.

ती म्हणाली, पाय वर घे, दोरे चिकटतील.

मी पाय वर घेतले. ती दुपारभर उसवत होती आणि मी दुपारभर बसलो होतो, आणि आम्ही बर्फाबद्दल बोललो, आणि तिच्या मुलाच्या गुडघ्याबद्दल. दुसरा कप तिने मला दिला.

एक जानेवारीला जिल्हे वेगळे झाले. मला पुन्हा जुनं जॅकेट मिळालं, पोटावर बसेना. वेंकेचा जन्म पुन्हा परजिल्ह्यात गेला.

या वर्षीच्या सतरा मेला ती बाहेर आली. बुनाद घालून आली, घेरावर ओळ तशीच. गुनवोरला बोलायला जागाच नव्हती. राउदालचा बुनाद घालायची वेंकेला आता परवानगी नव्हती हे खरं, पण राउदालच्या बुनादावर आता ती ओळही नव्हती. म्हणजे हा राउदालचा बुनादच नव्हता. म्हणजे नियम मोडला नव्हता. गुनवोरने नुसती मान डोलावली आणि पुढे गेली, एखादी परीक्षा संपली असावी तशी. वेंके मिरवणुकीत शिरली नाही. दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी राहिली, जिथे फिरायला आलेले लोक उभे राहतात.

मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. माझ्यापलीकडे गुनवोर, झेंडा घेऊन. मिरवणुकीतून एकोणसाठ बायका सरळ रेघांचे घेर मिरवत गेल्या आणि प्रत्येकीच्या रेघांखालून लाटेची काळी सावली उन्हात दिसत होती. एकोणसाठच, कारण गुनवोर इथे उभी होती आणि लीव घरी होती. डोकं दुखतंय म्हणाली.

राजधानीतून कॅम्पिंगची गाडी घेऊन आलेला एक माणूस माझ्या शेजारी उभा होता. गोड माणूस, बुनादांची आवड असलेला. त्याने वेंकेकडे बघितलं, मग मिरवणुकीकडे, मग पुन्हा वेंकेकडे. मला विचारलं, या बाईंचा फार सुंदर आहे हो, हा कुठला?

गुनवोरने मान वळवली नाही, पण झेंडा हलवायची थांबली.

"वेस्टफोल्डचा," मी म्हणालो.

वेंकेला ऐकू गेलं. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, बर्फाची गाडी वेळेवर आली का ते बघतात तसं. मग त्या माणसाला म्हणाली, "बरोबर सांगतोय तो. त्याला पहिल्यापासून माहीत आहे."

त्या माणसाने तिचा फोटो काढला. मग म्हणाला, म्हणजे बऱ्याच लांबून आलात तुम्ही सणाला. वेंके म्हणाली, हो, आणि कोणाची वाट अडू नये म्हणून फुटपाथच्या कडेला सरकली.